कानातला साचा

माझ्या टेबलाच्या खणात एक छोटंसं यंत्र पडून आहे. काडेपेटीपेक्षा जरा लांब, पण तिच्याहून चपटं. चंदेरी रंग कडांना उडालाय आणि आतलं काळं प्लॅस्टिक दिसू लागलंय. पुढे बोटाच्या पेराएवढा पडदा, एका अंगाला पाच बटणं, डोक्यावर इयरफोनची पिन घालायला भोक. बॅटरीने केव्हाच मान टाकली. वायर लावून ठेवली तरच ते बोलतं. दिवाळीच्या आधी आवराआवर निघाली की बायको ते दोन बोटांत उचलून विचारते, ''हे टाकू का हो?'' आणि दर वर्षी मी म्हणतो, ''राहू दे.''

२००५ साली मी ते लॅमिंग्टन रोडवरून घेतलं. कुठल्या कंपनीचं, ते विचारू नका. त्यावर जे नाव होतं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. दुकानदार म्हणाला, ''पाचशेबारा एमबी आहे साहेब, आठ-नऊ तास गाणी. कॅसेटचं नाव काढू नका.'' हिशेब खरा होता. त्या काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या दर्जाचं एक मिनिटाचं गाणं साधारण एक एमबी जागा घ्यायचं. मी त्या रात्री जेवण टाळून कॉम्प्युटरसमोर बसलो आणि त्या डबीत काय भरायचं आणि काय नाही याचा खल करत एक वाजवला. हा आनंद आजच्या मुलांना समजावून सांगता येत नाही. त्यांच्या फोनमध्ये सगळंच असतं, त्यामुळे निवडण्याची पाळी येत नाही.

मी राहायला डोंबिवलीला, नोकरी फोर्टातल्या एका बँकेत. फास्ट लोकलने जायला तास, यायला तास. त्याआधी माझ्याकडे वॉकमन होता, पण साडेआठच्या गाडीत वॉकमन ही चैन होती. शेजाऱ्याचं कोपर लागलं की झाकण उघडायचं, कधी टेप आतल्या आत गुंडाळली जायची. ही डबी मात्र शर्टाच्या खिशात पेनाशेजारी मावायची. अंगाला अंग घासणाऱ्या त्या गर्दीत, जिथे घाम पुसायला हात वर करता येत नाही, तिथे मला एकट्याला स्वतंत्र खोली मिळाली. भांडणं मूक झाली. मुंब्र्याची खाडी पार्श्वसंगीतासह दिसू लागली. मी तर म्हणेन, त्या यंत्राने माझ्या नोकरीची मधली वर्षं सुसह्य केली.

या यंत्रांचा इतिहास तसा फार लांबलचक नाही. सोनीचा वॉकमन जपानमध्ये १ जुलै १९७९ रोजी विक्रीला आला. १९९८ मध्ये कोरियाच्या सेहान कंपनीने 'एमपीमॅन' आणला. त्यात ३२ एमबी, म्हणजे जेमतेम अर्धा तास गाणी. त्याच वर्षी अमेरिकेत 'रिओ' आला, रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने त्याच्याविरुद्ध कोर्टात धाव घेतली आणि पुढच्या वर्षी हार पत्करली. ऑक्टोबर २००१ मध्ये आयपॉड आला, हजार गाण्यांचा. मे २०२२ मध्ये त्यानेही निरोप घेतला. म्हणजे एका माणसाच्या नोकरीच्या काळात ही जात जन्मली, फोफावली आणि मोबाईलच्या पोटात गडप झाली.

पण यातली खरी गंमत एमपीथ्री या पद्धतीत आहे. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेतल्या संशोधकांनी तिच्यावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांनी माणसाच्या कानाचा एक दुबळेपणा हेरला. मोठा आवाज चालू असला की त्याच्या आगेमागे, त्याच पट्टीच्या जवळपास असलेला बारीक आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. तर मग तो साठवायचा कशाला? असं जे जे कानाला कळणार नाही ते गाळून टाकलं आणि सीडीवरच्या गाण्याचा आकार दहाव्या-अकराव्या हिश्शावर आणला. सगळी उभारणी माणसाला काय ऐकू येत नाही, यावर. ही गोष्ट मला तेव्हा फार हुशारीची वाटली होती. आज ती आठवली की जरा वेगळंच वाटतं.

कॅसेटला एक खोड होती, ती संपायची. तीस किंवा पंचेचाळीस मिनिटं झाली की बटण 'खट्' करून वर यायचं. मग ती बाहेर काढा, उलटी करा, पुन्हा घाला. आपण त्याला वैताग म्हणत होतो. त्या दोन मिनिटांत कानांना काही विसावा मिळतो, असं तेव्हा कोणी बोललं असतं तर मी हसलो असतो. शिवाय सेल उतरायचे आणि गाणारीचा आवाज गाणाऱ्याचा होऊ लागायचा, म्हणजे थांबणं आलंच. नव्या डबीला ना दुसरी बाजू, ना खट्. सकाळी डोंबिवलीला सुरू केलेली गाणी ऑफिसच्या जिन्यापर्यंत पुरायची, आणि दुपारी खातेवहीवर मान घातली की पुन्हा सुरू.

आणि पारसिकचा बोगदा. कळव्याच्या अलीकडे गाडी बोगद्यात शिरली की उघड्या खिडक्यांतून असा गडगडाट आत घुसे की गाण्यातलं काही कळेना. मग अंगठा आपोआप बटणावर. पडद्यावरचा आकडा वीसवरून बावीस, चोवीस. बोगदा दोनेक मिनिटांत संपायचा. आकडा खाली आणायचं मात्र कोण लक्षात ठेवतो? पुढचं सगळं ठाणं, घाटकोपर, कुर्ला चोवीसवर. काही महिन्यांनी बोगद्यात चोवीसही पुरेना. कमाल आकडा तीस होता. मला वाटायचं, यंत्र जुनं होत चाललंय.

आवाजाचं गणित विचित्र असतं, हे मला फार उशिरा कळलं. डेसिबलचा आकडा तीनने वाढला की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. अमेरिकेतली 'नायॉश' ही कामगारांच्या आरोग्याचं पाहणारी संस्था ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास ही मर्यादा धरते. ८८ ला चारच तास, ९१ ला दोन. १००वर जाल तर फक्त पंधरा मिनिटं. कानाच्या आत शंखासारख्या नळीत ज्या केसाळ पेशी असतात त्या एकदा मेल्या की माणसाच्या शरीरात पुन्हा उगवत नाहीत. कातडी भरून येते, हाड सांधतं, ते भाग्य या पेशींच्या वाट्याला नाही.

हे सगळं माझ्या घरात एका माणसाला कुठलाही आकडा न वाचता माहीत होतं. माझे वडील, अण्णा, लालबागच्या एका गिरणीत साळखात्यात होते. गिरणीत मागाला माग म्हणत नाहीत, 'साचा' म्हणतात. अण्णांकडे चार साचे. एकेका साच्यावर धोटा इकडून तिकडे आपटत असे आणि असे शेकडो साचे एका छपराखाली. अशा खात्यांतला आवाज १०० डेसिबलच्या घरात असायचा. तिथे बोलणं अशक्य. कामगार ओठांच्या हालचाली वाचत आणि हातांनी बोलत. धागा तुटला, जॉबर येतोय, चहा, किती वाजले, सगळ्याला खुणा. आम्ही भावंडं लहानपणी त्या खुणा शिकलो होतो आणि जेवताना एकमेकांना करून आईचा ओरडा खात होतो. कानात घालायला गिरणीने काही दिलं नव्हतं. काही जण सुताचा बोळा कोंबत.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अण्णांचे साचे थांबले ते थांबलेच. पण त्यांच्या कानात ते चालू राहिले. त्यांना 'आठ' आणि 'साठ' यातला फरक कळेना, कारण 'स' सारखे बारीक आवाज आधी जातात. वाण्याकडे वाद होत. पुढे पोटासाठी त्यांनी एका सोसायटीत रात्रीचा पहारा केला. कमी ऐकू येणारा माणूस रात्रीचा पहारेकरी! देणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं आणि अण्णांनी सांगितलं नाही.

त्यांना सगळ्यात जास्त लागलं ते दुसरंच. आमच्या चाळीचं भजनी मंडळ होतं आणि त्यात अण्णा झांज वाजवत. पखवाज त्यांना ऐकू येई, बुवांचा आवाज येई, स्वतःच्या हातातली झांज मात्र येईनाशी झाली. ''हाताला कळतं वाजतेय ते,'' ते म्हणायचे, ''कानाला नाही.'' एका गोकुळाष्टमीला गजर ऐन रंगात असताना त्यांनी झांज जमिनीवर ठेवली आणि मागे भिंतीला टेकून बसले. नंतर ते मंडळात गेले, पण श्रोता म्हणून.

त्या मंडळाची एक कॅसेट आमच्याकडे होती, टू-इन-वनवर कुणीतरी भरलेली. २००६ मध्ये मी तिचं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरमधून माझ्या डबीत उतरवलं. पंचेचाळीस मिनिटांची बाजू उतरवायला पंचेचाळीस मिनिटंच लागत, त्यात घाई करून चालायचं नाही. अण्णांच्या कानात मोठ्या कौतुकाने इयरफोन घातले. ते डोळे मिटून ऐकू लागले. ''मोठा कर.'' मी केला. ''अजून.'' तीस झाले. ते म्हणाले, ''पखवाज बेस आहे. झांज कुठे गेली?''

मी दुसऱ्या बाजूने कान लावला. झांज होती, खणखणीत होती. मी ओरडून सांगितलं, ''आहे, अण्णा!'' त्यांनी इयरफोन काढून माझ्या हातात दिले आणि म्हणाले, ''तू हल्ली फार मोठ्याने बोलतोस. साळखात्यातल्यासारखा.'' मी म्हटलं, ''तुम्हाला ऐकू यावं म्हणून.'' त्यांनी मान हलवली. ''मघाशी सुनबाईशीही तसंच बोललास.''

मी ते हसण्यावारी नेलं. अण्णा २०११ साली गेले.

२०२३ मध्ये, त्यांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी, मी ती डबी वायरीला लावली आणि भजन ऐकायला बसलो. पखवाज होता, बुवा होते. झांज लांब, शेजारच्या चाळीत कुणी वाजवतंय तशी. मला वाटलं, रेकॉर्डिंग खराब झालं. मग लक्षात आलं की टेप झिजते, फाईल झिजत नाही. आकड्यांची ती रास जशी ठेवली तशीच राहते, नाहीतर उघडतच नाही. मुलीला बोलावून ऐकवलं. ती म्हणाली, ''बाबा, केवढी कर्कश झांज आहे ही!''

पुढच्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवून कानात बारीक शिट्ट्या वाजवतात आणि ऐकू आलं की बटण दाबायचं. मी बराच वेळ बटण न दाबता बसलो होतो, तेव्हाच उमगलं. आलेखाची रेघ सुरुवातीला सरळ चालते, ४०००च्या आकड्यापाशी खड्ड्यात उतरते आणि ८०००च्या बाजूला पुन्हा थोडी वर येते. डॉक्टरांनी कागदावरून नजर न काढता विचारलं, ''कारखान्यात होतात का?'' मी म्हटलं, ''बँकेत.'' घरी येऊन अण्णांची जुनी ट्रंक काढली. तिच्यात त्यांच्या कानाच्या तपासणीचा, केव्हातरी नव्वदच्या दशकातला कागद होता. त्यांचा खड्डा खोल आहे, माझा उथळ. पण जागा तीच.

डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं, वयाचा वाटा असतो, रेल्वेचा असेल, मिरवणुकांतल्या भिंतींचाही असेल, सगळं त्या डबीवर ढकलता येणार नाही. मान्य. पण तीसपैकी सव्वीसवर दिवसाला तीन तास, वर्षांमागून वर्षं, हे मला कोणी करायला लावलं नव्हतं. अण्णांच्या कानात गिरणीने साचे बसवले आणि त्याचा पगार दिला. माझा साचा मी पैसे मोजून लॅमिंग्टन रोडवरून आणला.

याचा अर्थ डबी फेकून द्यावी असा मी धरत नाही. आजही ऐकतो, पण घरी, शांत खोलीत, बारावर. गाडीत ऐकायचंच असेल तर कानात घट्ट बसून बाहेरचा आवाज अडवणारे इयरफोन घ्यावेत. गडगडाटाशी स्पर्धा नसली की आकडा आपोआप खाली राहतो. त्यावर चार पैसे जास्त गेले तर जाऊ द्यावेत. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला चाळीस तास ८० डेसिबल, ही प्रौढांसाठी मर्यादा सांगते. बारा ते पस्तीस वयाच्या शंभर कोटींहून जास्त लोकांच्या कानांना मोठ्या आवाजातल्या संगीताचा धोका आहे, असं तिने २०२२ मध्ये म्हटलं. बऱ्याच फोनमध्ये किती ऐकलं याची नोंद असते. माझ्या डबीत ती नव्हती. असती तरी मी पाहिली असती का, देव जाणे.

माझी मुलगी कॉलेजात आहे. तिच्या कानात बिनवायरीचे दोन पांढरे मणी सदा असतात. पूर्वी मी तिला हाका मारून घसा बसवत असे. आता मारत नाही. परवा ती ओट्यापाशी पोळ्या भाजत होती, कानात मणी, मान तालावर. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि आजोबांची चहाची खूण केली. ती तिला येते, आम्हीच शिकवलीय. तिने मान डोलावून आधण ठेवलं. मग मी कानाकडे बोट दाखवलं आणि पंजा उघडून हलवला, आवाज किती?

तिने एका हाताची पाच आणि दुसऱ्याची तीन बोटं वर केली. माझ्याकडे पाहिलं आणि त्यातली दोन दुमडली.