अंगठ्यातला जॅझ

हातात इलेक्ट्रिक गिटार असलेला मुलगा जॅझच्या वाटेला लागला की सगळ्यात आधी टोनचा नॉब मागे फिरवतो. धार जाते, घोंगडीखालून आल्यासारखा आवाज येऊ लागतो आणि पोराला वाटतं, झालं, जॅझ आला! वाद्यांच्या दुकानांत हा प्रकार मी वर्षानुवर्षं पाहत आलोय आणि दर वेळी तिथल्या तिथे भाषण ठोकायची इच्छा गिळत आलोय. संपादकांनी या वर्षी पानं मोकळी सोडली आहेत, तेव्हा ते भाषण आता तुमच्या माथी.

इतिहास आधी उरकून घेतो. सुरुवातीच्या अमेरिकन बँडमध्ये ठेका धरायला बँजो असे. हळूहळू ती जागा गिटारने घेतली. पण ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या रांगेपुढे तिचं कोण ऐकणार? गिब्सन कंपनीने १९२२ मध्ये एल-५ काढली. व्हायोलिनसारखं कोरून फुगवलेलं अंग, पुढच्या बाजूला एफ आकाराची दोन भोकं. ठेका ऐकू येऊ लागला, सोलो नाही. १९३६ मध्ये पिकअप बसवलेली, म्हणजे विजेवर वाजणारी ईएस-१५० आली आणि १९३९ मध्ये तीच घेऊन चार्ली ख्रिश्चन बेनी गुडमनच्या ताफ्यात दाखल झाला. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता; १९४२ मध्ये क्षयाने गेला. मधल्या अडीच वर्षांत त्याने जे केलं त्यावर पुढच्या साऱ्या पिढ्या जगल्या. संपला इतिहास.

ख्रिश्चनच्या कानात घुमत होता तो कुणा गिटारवाल्याचा आवाज नव्हे, लेस्टर यंगचा सॅक्सोफोन. सगळी मेख मला इथेच दिसते. फुंकेच्या वाद्यात सूर उगवतो, टिकतो, मावळतो. गिटारचा सूर छेडल्या क्षणापासून विरायला लागतो. आणि नेमक्या त्या क्षणी कानावर आदळतो तो सूर नसतोच, पिक (तार छेडायची छोटी चकती) तारेवरून सुटल्याचा ‘टक्’ असतो. हा टक् लहान करा, मागचा सूर आपोआप भरदार वाटतो. म्हणजे हात फिरवायचा तो सुराच्या सुरुवातीवर. नॉबने मात्र अख्ख्या सुराचीच चमक जाते. (आपल्या सतारीची तऱ्हा बरोबर उलटी. तिथे पोलादी नखीचा लखलखीत आघात आणि त्यामागून येणारी जवारीची गूंज, यांसाठीच तर जीव टाकायचा.)

सामानसुमानही याच कामाला लागलेलं असतं. जॅझवाल्यांच्या तारा जाड; रॉकवाल्यांची तिसरी तार साधी असते, यांची गुंडाळलेली. गुंडाळीही बहुधा चपट्या पट्टीची, तिला फ्लॅटवाउंड म्हणतात. बोट सरकताना चर्र होत नाही आणि वरचे बारीक हार्मोनिक्स कमी उठतात. दोनपैकी गळ्याजवळचा पिकअप वापरायचा, कारण ब्रिजपासून दूर तारेचा हेलकावा मोठा, आवाज जाडसर. पोकळ, फुगीर अंगाच्या गिटारमध्ये सूर चटकन उठतो आणि चटकन बसतो, त्यामुळे भरधाव तानेत एक सूर दुसऱ्यावर सांडत नाही. १९४९ ची ईएस-१७५ तर कोरीव लाकडाऐवजी थर चिकटवलेल्या मेपलची. काम स्वस्तात झालं आणि अ‍ॅम्प्लिफायरपुढे ती एल-५ पेक्षा कमी घुमते. जिम हॉल आणि जो पास या दोघांनी तिच्यावर किती वर्षं काढली!

पण हे सगळं विकत मिळतं. विकत न मिळणारी गोष्ट म्हणजे वेस माँटगोमरीचा अंगठा.

वेसचा जन्म १९२३ चा, इंडियानापोलिसचा. विशीच्या उंबरठ्यावर त्याने ख्रिश्चनचं ‘सोलो फ्लाइट’ ऐकलं, गिटार आणली आणि ख्रिश्चनचे सोलो कानाने जसेच्या तसे पाठ केले. नोटेशन त्याला वाचता येत नसे. १९४८ ते ५० लायोनेल हॅम्प्टनच्या बँडबरोबर दौरे केले, मग घरी परतला. घरात मुलंबाळं, दिवसा कारखान्यात नोकरी, रात्री क्लबात वाजवायचं. या धबडग्यात रियाज व्हायचा तो अपरात्री. पिकच्या आवाजाने घरचे आणि शेजारीपाजारी वैतागत, म्हणून त्याने पिक ठेवून दिला आणि अंगठा लावला, अशी हकिकत सांगतात. १९५९ मध्ये सॅक्सोफोनवादक कॅननबॉल अ‍ॅडर्ली गावात आला, वेसला ऐकून थक्क झाला आणि त्याने न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड रेकॉर्ड्सकडे त्याची वर्णी लावली.

वेसच्या चित्रफिती आवाज बंद करून बघा. उजव्या हाताची बोटं गिटारच्या अंगावर टेकलेली, अंगठा मोकळा. तो तारेला नख लावत नाही. अंगठ्याच्या कडेच्या मांसाने तार खाली ढकलतो. हे मांस रुंद आणि मऊ. तारेतली आखूड लहरींची थरथर त्याखाली दबते, लांब लहरी निसटून जातात. शिवाय पिकसारखी तार खटकन सुटत नाही, घरंगळून सुटते. टक् विरघळून जातो. मात्र मांस नुसतं मऊ असतं तर आवाज लिबलिबीत झाला असता. वेसच्या अंगठ्याला घट्टा पडला होता, आणि मऊपणाच्या आत लागणारा थोडा कणखरपणा त्या घट्ट्यातून येई असं मी मानतो.

आता त्याचे ऑक्टेव्ह. एकच सूर दोन सप्तकांत एकाच वेळी वाजवायचा, तर मधे एक तार आड येते. डाव्या तर्जनीने ती हलकेच दाबून मुकी करायची आणि अंगठा बिनधास्त तिन्ही तारांवरून ओढायचा. मुकी तार सुराऐवजी एक अस्फुट ‘थप्’ देते. पिकने हे वाजवलं तर खरखर होते. वेसचं ऐकताना दोन सुरांमागे कुणी हळूच थाप मारतंय असं वाटतं. १९६० च्या ‘द इन्क्रेडिबल जॅझ गिटार ऑफ वेस माँटगोमरी’ या रेकॉर्डवर ‘वेस्ट कोस्ट ब्लूज’ आहे, त्यात हे चढत जाताना ऐकावं: आधी एकेरी सूर, मग ऑक्टेव्ह, मग अख्खे कॉर्ड.

अमेरिकेला गेलो होतो तेव्हा भाच्याला पिडून इंडियानापोलिसच्या इंडियाना अ‍ॅव्हेन्यूवर गाडी काढायला लावली. वॉकर थिएटरची देखणी इमारत उभी आहे. जुने जॅझ क्लब मात्र नाहीत. भाचा विचारत होता, इथे बघायचं काय? १९६८ मध्ये वेस याच शहरात हृदयविकाराने गेला, वय अवघं पंचेचाळीस. ते सांगितल्यावर भाचा गप्प बसला आणि मला आणखी अर्धा तास मिळाला.

ख्रिश्चन काय किंवा ईएस-१७५ वाला जो पास काय, पिकने वाजवूनही जॅझचेच, असं कुणी म्हणेल. मान्य! हात कसा सुटतो ते महत्त्वाचं, हत्यार नंतर. याचा पक्का साक्षीदार कॅनडाचा एड बिकर्ट. त्याच्याकडे असे टेलिकास्टर: भरीव फळीची, कंट्रीवाल्यांची लाडकी, टणत्कारासाठी प्रसिद्ध. १९७४ मध्ये सॅक्सोफोनवादक पॉल डेझमंडबरोबर त्याने ‘प्युअर डेझमंड’ या रेकॉर्डवर वाजवलं आहे. डोळे मिटून ऐका, टेलिकास्टर आहे असं शपथेवर सांगूनही पटणार नाही. उलट फेंडर कंपनीने १९५८ मध्ये खास जॅझवाल्यांसाठी म्हणून जॅझमास्टर बाजारात आणली. जॅझवाल्यांनी तिच्याकडे फारसं पाहिलं नाही. समुद्रकाठची सर्फ गाणी वाजवणाऱ्या पोरांनी ती उचलली.

आणि मग फ्रेडी ग्रीन. काउंट बेसीच्या बँडमध्ये १९३७ पासून १९८७ मध्ये मरेपर्यंत हा माणूस (मधला थोडा खंड सोडला तर) बहुतेक विनाअ‍ॅम्प्लिफायर ठेका धरून बसला. मात्रेला एक फटका, चारही मात्रांना, आणि तारा इतक्या उंच की दाबताना बोटांचा भुगा व्हावा. कॉर्डमधले बरेचसे सूर तो मुके ठेवी. कित्येकदा एखादाच खरा वाजे. इथे गोल सूर नाही, लांबी नाही, आहे तो नुसता टक्! वर मांडलेला माझा सिद्धांत हा गृहस्थ एकहाती मोडीत काढतो आणि तरी त्याच्याइतका जॅझ कुणाचा नाही. यावर मी एवढंच म्हणेन की ताफ्यात फुंकणारे भरपूर असताना गिटारने आणखी एक सॅक्सोफोन कशाला व्हावं?

आपल्याकडचं एक नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. अमान्सियो डिसिल्व्हा, गोवेकर कुटुंबातला, १९३६ साली मुंबईत जन्मलेला, पुढे लंडनला स्थायिक झालेला गिटारवादक. १९६९ मध्ये त्याच्या ‘इंटिग्रेशन’ आणि सॅक्सोफोनवादक जो हॅरियटबरोबरची ‘हम दोनो’ अशा दोन रेकॉर्ड निघाल्या. हिंदुस्थानी वळणाच्या चाली, पण सूर लावण्याची रीत जॅझची. जिज्ञासूंनी सुरुवात ‘हम दोनो’पासून करावी, शक्यतो चांगल्या हेडफोनवर, कारण मोबाइलच्या स्पीकरमधून गिटारचा खालचा अर्धा आवाज बाहेरच येत नाही.