खंडेनवमीचा पाट आणि दारातली चढण

आश्विन शुद्ध नवमीस आमच्या मालवण भागात घरोघर हत्यारांची पूजा होते. हत्यारे म्हणजे ढाल-तलवारी नव्हेत. कोयता, कुऱ्हाड, पारय, नांगराचा फाळ आणि स्वयंपाकघरातली विळी, हीच शेतकऱ्याच्या घरची शस्त्रे. ती स्वच्छ धुऊन पाटावर मांडावी, गंध-फूल वाहावे, नारळ ठेवावा, आणि दुसरे दिवशी आपट्याचे सोने घेऊन सीमोल्लंघनास निघावे, असा परिपाठ आहे. या पाटाच्या शेजारी प्रथम सायकल आली, मग स्कूटर आली, आणि आता मोटार येऊन उभी राहिली. साडेतीन मुहूर्तांपैकी एक म्हणून विजयादशमीस नवे वाहन घरी आणण्याची चाल तर सर्वत्रच रूढ झाली आहे. तेव्हा सणाच्या पानावर मोटारीचा विचार कशाला, असा प्रश्न सुज्ञ वाचकांना पडणार नाही, अशी आमची खात्री आहे.

मुहूर्त पंचांगात मिळतो. कोणते वाहन घ्यावे हे मात्र पंचांग सांगत नाही. सांप्रत मध्यमवर्गीय कुटुंबांचा ओढा चार मीटरांच्या आतील, उंच बांध्याच्या, ज्यांना ‘कॉम्पॅक्ट एसयूव्ही’ म्हणतात त्या गाड्यांकडे आहे. आमच्याही घरी २०२५ च्या दसऱ्यापूर्वी हाच प्रश्न उभा राहिला. तो आम्ही कसा सोडवला, हे सांगितल्यास कोकणात घर असलेल्या इतर कुटुंबांना त्याचा काही उपयोग होईल, म्हणून हा प्रपंच.

आमचे मूळ घर मालवण तालुक्यातील मसुरे येथे. कालावलच्या खाडीकडे तोंड करून उभा असलेला भरतगड याच गावचा, आणि महाराष्ट्रभर विख्यात असलेली श्रीदेवी भराडीची आंगणेवाडी ही याच गावची वाडी. देवी भरडावर, म्हणजे खडकाळ वरकस जमिनीवर प्रकट झाली म्हणून ती भराडी. गावची भूमी कशी आहे हे या एका नावातच आले. वर जांभा दगड, खाली तांबडी माती, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, मध्येच व्हाळ आणि त्यावरचा अरुंद साकव. डांबरी रस्ता वाडीपर्यंत येतो खरा, परंतु आमच्या घरापर्यंतची शेवटची दोनशे पावले चढणीची आणि कच्ची आहेत.

आमची जुनी गाडी ठेंगणी होती. वळणावरच्या दगडाला तिचे पोट घासे, म्हणून ती खालीच ठेवावी लागे. गणपतीची मूर्ती भर पावसात तेथून डोक्यावरून आणावी लागे, त्याचे आम्हांस काही वाटत नसे. परंतु ऐंशी ओलांडलेल्या आमच्या काकींना एका श्रावणातल्या रात्री दम लागला, तेव्हा त्यांना खुर्चीत बसवून बंधू व पुतण्याने चिखलातून खाली आणले. खुर्चीचा एक पाय निसटला आणि काकींच्या तोंडून देवीचे नाव निघाले. त्या रात्रीनंतर नवी गाडी ही आमच्या घरी हौस राहिली नाही.

दुसरी बाजू पैशाची. आम्ही तिघे भाऊ. थोरले मसुऱ्यास शेती-घर सांभाळतात, आम्ही व धाकटे मुंबईस. घरासाठी जमवलेला सामाईक निधी एकच, आणि त्यातून घराचे वासे व कौलेही बदलायची होती. गाडीवर गेलेला प्रत्येक अधिक रुपया छपराच्या हिशेबातून वजा होणार होता.

थोरल्या बंधूंचे मत पहिल्या दिवसापासून ठाम. “गाडी म्हटल्यार बोलेरो. बाकी सगळी काचेची भांडी.” त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. २००० सालापासून ही गाडी खेड्यापाड्यांतून धावते आहे. शिडीसारख्या स्वतंत्र लोखंडी चौकटीवर तिचा सांगाडा बसवलेला असतो, मागे पाट्यांच्या कमानी असतात, आणि यंत्राचा जोर मागच्या चाकांना मिळतो. चढणीवर भार मागे सरकतो, त्यामुळे मागची चाके जमीन घट्ट धरतात. इतर बहुतेक लहान एसयूव्हींत जोर पुढच्या चाकांना मिळतो; नेमकी चढणीवर तीच हलकी होतात आणि शेवाळावर गरगर फिरतात.

तरीही काटकपणाचे कोष्टक दिसते तितके सरळ नाही. बोलेरोच्या पोटाची जमिनीपासूनची उंची १८० मिलिमीटर सांगितली जाते, आणि बंधू जिला काचेचे भांडे म्हणत त्या टाटा नेक्सॉनची २०८ मिलिमीटर. महिंद्राचीच एक्सयूव्ही थ्री एक्स ओ आणि मारुतीची ब्रेझा या दोघी दोनशेच्या आसपास. बोलेरोच्या मागच्या आसाच्या मध्यभागी दातेरी चक्रांचा गोळा लोंबतो, म्हणून ही तफावत. चाकोरीच्या मध्ये उंचवटा असेल तर हा गोळा आधी टेकतो. महिंद्रा थारच्या काही प्रकारांत चारही चाकांना जोर मिळतो व तिची उंची २२६ मिलिमीटर आहे. पण तीन दरवाजांच्या थारमध्ये मागे बसण्यासाठी पुढचे आसन दुमडून आत शिरावे लागते. ऐंशीच्या काकींना ते सांगण्याचे धाडस आमच्यापैकी कोणालाही झाले नाही.

गणेशचतुर्थीस परीक्षेची संधी आपोआप चालून आली. त्या दिवसांत मुंबई-पुण्याचा प्रत्येक चाकरमानी आपापली गाडी घेऊन गावी येतो; वाडीत प्रदर्शनच भरते म्हणा ना! शेजाऱ्यांची बोलेरो, सोयऱ्यांची नेक्सॉन आणि भाचेजावयांची ब्रेझा, अशा तीन गाड्या आम्ही पावसाची सर येऊन गेल्यावर आमच्या चढणीवर घातल्या. बोलेरो पहिल्या गिअरमध्ये बैलासारखी वर आली. इतर दोघी माणसे बसवून वर आल्या, पण मागे सामान भरल्यावर शेवाळाच्या पट्ट्यात दोघींचीही पुढची चाके फिरली. पुतण्याने खराटा घेऊन शेवाळ खरडले, आणि मग त्याही वर आल्या. तेथे आमच्या ध्यानात एक गोष्ट आली. बारा महिने मागच्या चाकांची गाडी बाळगण्यापेक्षा चढणीच्या दोन चाकोऱ्यांत काँक्रीटच्या दोन पट्ट्या घालणे पुष्कळ स्वस्त होते. काटकपणा सगळाच कारखान्यातून विकत आणावा लागत नाही. थोडा गवंड्याकडूनही मिळतो.

काकींची परीक्षा निराळीच झाली. “गाडी खयची ती घेवा, माझो पाय वर जाता काय ता आधी बघा,” असे म्हणून त्या स्वतःच काठी टेकत खळ्यात आल्या. बोलेरोची पायरी त्यांच्या गुडघ्याला जमेना. नेक्सॉन व ब्रेझा यांची आसने साधारण कमरेच्या उंचीची. आधी बसावे आणि मग पाय आत घ्यावेत. दोन्ही त्यांना चालल्या.

तरी खरा निर्णायक प्रश्न वेगळाच होता, आणि तो धाकट्या वहिनींनी विचारला: गाडी राहणार कुणाच्या दारात? मसुऱ्यास राहणार असती तर बंधूंचे म्हणणे आम्ही निमूट मान्य केले असते. परंतु ती मुंबईस राहणार, वर्षातून चार वेळा गावी येणार, आणि काकींना तपासणीसाठी मुंबईस नेण्या-आणण्यासही तीच वापरायची. म्हणजे दोनशे पावलांची चढण एकीकडे, आणि तिच्या अलीकडे सुमारे पावणेपाचशे किलोमीटरांचा महामार्ग. मुंबई-गोवा मार्गाच्या चौपदरीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले आणि त्याची रखडकथा कोकणी माणसास नव्याने सांगायला नको. अर्धवट वळणे, रात्रीची वाहतूक आणि मागे झोपलेली मुले, असा तो प्रवास असतो. येथे अपघातात गाडी कशी टिकते हे पाहिलेच पाहिजे. नेक्सॉनला २०१८ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’च्या चाचणीत प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी पाच तारे मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला असे यश प्रथमच लाभले. थ्री एक्स ओला २०२४ मध्ये ‘भारत एनकॅप’ने पाच तारे दिले. त्याच वर्षी चौकटीवर बांधलेल्या बोलेरो निओला मात्र ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत एकच तारा मिळाला. लोखंड जाड असणे आणि आतला माणूस सुरक्षित असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आता किंमत. २०२५ च्या घटस्थापनेपासून, म्हणजे २२ सप्टेंबरपासून, वस्तू व सेवा कराचे दर बदलले. चार मीटरांच्या आतील आणि पेट्रोलचे १२०० किंवा डिझेलचे १५०० घनसेंटिमीटरांपर्यंतचे यंत्र असलेल्या गाड्यांवरील कर उपकरासह २९ ते ३१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नेक्सॉन, थ्री एक्स ओ आणि १४९३ घनसेंटिमीटरांची बोलेरो या मर्यादेत बसल्या. ब्रेझा लांबीने बसली, पण तिचे त्या वेळचे पेट्रोल यंत्र १४६२ घनसेंटिमीटरांचे असल्याने तिच्यावरचा कर ४५ वरून ४० टक्क्यांपर्यंतच उतरला. ज्यांनी तेव्हा केवळ लांबी पाहून बचतीचा अंदाज बांधला, त्यांची निराशा झाली असणार. शिवाय महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतील खाजगी पेट्रोल गाडीस ११ टक्के आणि डिझेल गाडीस १३ टक्के वाहनकर पडे. हे दोन टक्के शोरूमच्या फलकावर दिसत नाहीत.

इंधनाबाबत घरात सर्वांत अधिक वाद झाला आणि तो सर्वांत कमी वेळात मिटला, कारण आमच्या पुतण्याने पाटी-पेन्सिल घेतली. चाचणीतील आकडे नेक्सॉनच्या पेट्रोल यंत्रास लिटरला १७.४४ आणि डिझेल यंत्रास २३.२३ किलोमीटर, पण कोणत्याही कंपनीचे चाचणीगृहातील आकडे घाटात आणि गर्दीत उतरत नाहीत. म्हणून त्याने पेट्रोलला १४ व डिझेलला १८ धरले. गावच्या चार खेपांचे ३,८०० आणि मुंबईतले ४,२००, असे वर्षाचे ८,००० किलोमीटर. पेट्रोल १०४ रुपये व डिझेल ९० रुपये दराने पेट्रोलचा खर्च सुमारे ५९,४०० रुपये, डिझेलचा ४०,००० रुपये. बचत साडेएकोणीस हजारांच्या आत. डिझेल गाडी लाखभर रुपयांनी महाग धरली, तरी तो लाख फिटायला पाच वर्षे हवीत. वर्षाला १५,००० किलोमीटर फिरणाऱ्यास तोच लाख पावणेतीन वर्षांत फिटतो, त्याने डिझेल जरूर घ्यावे. त्यात १ एप्रिल २०२० पासूनच्या भारत-६ मानकांनंतर डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारी गाळणी असते. गाडी नुसती शहरात थोडी थोडी फिरत राहिली तर ती तुंबते. ब्रेझाची सीएनजी किलोला २५.५१ किलोमीटर देते असे सांगत, हा मोहही आम्हांस झाला. पण टाकीने सामानाची जागा खाल्ली, तर गणपतीचे मखर आणि आठ जणांचे कपडे कोठे ठेवायचे? शिवाय चतुर्थीच्या तोंडावर गॅसपंपांवरच्या रांगा आम्ही पाहिल्या आहेत.

देवीचा कौल घ्यावा, असे बंधूंनी एकदा सुचवले होते. कौलाविषयी आमच्या मनात पूर्ण श्रद्धा आहे. भराडीदेवीच्या यात्रेचा दिवसही पंचांगातल्या तिथीवरून नव्हे, कौलानेच ठरतो. परंतु पेट्रोल की डिझेल हा प्रश्न देवीपुढे नेणे आम्हांस प्रशस्त वाटेना. काकींनीही “तिका कित्याक तरास?” एवढेच म्हटले, आणि तो विषय तेथेच थांबला.

अखेर मधल्या सजावटीची पेट्रोल नेक्सॉन दसऱ्यास, २ ऑक्टोबर २०२५ रोजी, मुंबईत घेतली. छताची काच, चमकदार चाके वगैरे अलंकार टाळले. सुटे चाक खरोखर आहे की नुसता हवा भरण्याचा संच, हे मात्र पाहून घेतले, कारण जांभ्याच्या धारेने टायरची कूस फाटते. खाऱ्या हवेसाठी खालून गंजरोधक लेप दिला. उरलेल्या पैशांत काँक्रीटच्या पट्ट्या झाल्या आणि घराच्या दक्षिणेकडील कौले बदलून झाली. उत्तरेकडची राहिली आहेत. दिवाळीस गाडी प्रथमच थेट खळ्यात आली, तेव्हा काकींनी तिला ओवाळले आणि चाकावर पाणी घातले.

त्यानंतरच्या यात्रेस त्या दोन वर्षांनी देवीच्या दर्शनाला गेल्या. यात्रेच्या दिवशी गर्दीमुळे गाड्या दूर माळावर थांबवाव्या लागतात, म्हणून त्यांना आम्ही चार दिवस आधीच नेले, आणि देवळाजवळ उतरून त्या काठीच्या आधाराने आपल्या पायांनी आत गेल्या.

बंधू अजूनही गाडीला काचेचे भांडेच म्हणतात. मात्र येत्या खंडेनवमीस पारय-कोयत्याच्या पाटाशेजारी ती उभी करावी म्हणून पाऊस उघडल्याबरोबर खळ्यातला तेवढा कोपरा त्यांनी चोपून, सारवून ठेवला आहे.