इंग्रजी लेखनातील पूर्णविराम

गावाहून थोरल्या भावाची चिठ्ठी येते, 'बैल विकायचा नाही ठेवायचा'. आता बैल बाजारात न्यायचा की दावणीलाच बांधून ठेवायचा? 'नाही' पुढे टिंब दिले तर बैल घरी राहिला. 'विकायचा' पुढे दिले तर गेला. शब्द तेच, क्रमही तोच. फिरले ते टिंब.

हे टिंब आपल्याकडे इंग्रजीतून आले. पोथीतल्या श्लोकाला दंड असे. पण मोडी पत्रातली ओळ अखंड चाले, शब्द तोडण्याचीही चाल नव्हती. तरी फारसे अडत नसे. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते आणि 'केले', 'आहे', 'जाणिजे' कानावर पडले की वाक्य संपल्याचे कळते. सबंध पत्र संपले म्हणजे मोर्तब होई. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावर 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरे आहेत; मजकुराची हद्द इथवर, पुढे कोणी काही घुसडू नये. पूर्णविरामच तो, मात्र सबंध पत्राचा! वाक्यावाक्याला टिंब देण्याची रीत मराठीत रुजवली ती मेजर टॉमस कँडी यांनी. त्यांचे 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक १८५० सालचे.

इंग्रजीत क्रियापद मध्येच येऊन जाते. मागून शब्द येतच राहतात. म्हणून वाक्य कुठे संपले हे तिथे टिंबानेच सांगावे लागते, आणि आपली मंडळी इंग्रजी अर्ज लिहिताना नेमकी इथेच घसरतात. 'आपले पत्र मिळाले, मी सोमवारी हजर होतो' हे मराठीत स्वल्पविरामावर खपून जाते. इंग्रजीत ही दोन पुरी विधाने झाली. मध्ये 'अँड' घाला, अर्धविराम द्या किंवा सरळ टिंब देऊन दुसरे वाक्य मोठ्या अक्षराने सुरू करा. नुसता स्वल्पविराम चालत नाही. आपल्याकडची तारसेवा २०१३ साली बंद झाली. पूर्वी इंग्रजी तारेत टिंबाच्या जागी 'स्टॉप' हा शब्दच लिहीत, तो दोन वाक्ये एकमेकांत मिसळू नयेत म्हणून.

दुसरी चूक प्रश्नचिन्हाची. 'तुम्ही कधी येणार?' हा प्रश्न. पण 'तुम्ही कधी येणार असे साहेबांनी विचारले' ही विचारल्याची हकीकत झाली. इंग्रजीतही अशा वाक्याला पूर्णविरामच द्यावा.

संक्षेपाचे टिंब मात्र निराळे. 'मु. पो. कडेगाव, ता. कडेगाव, जि. सांगली' असे पाकिटावर लिहिताना आपण चार टिंबे देतो आणि वाक्य एकही संपत नाही! इंग्रजी विधानाच्या शेवटी असा संक्षेप आला तर दोन टिंबे देऊ नयेत, एकच दोन्ही कामे करते. वाक्य प्रश्नाचे असेल तर ते टिंब ठेवून पुढे प्रश्नचिन्ह द्यावे. 'मिस्टर', 'डॉक्टर' यांच्या संक्षेपापुढे अमेरिकन लोक टिंब देतात, इंग्रज आता बहुधा देत नाहीत. इंग्रजांचे म्हणणे असे, की शब्दाचे शेवटचे अक्षर तर लिहिलेच आहे, मग टिंब कशाला? दोन्ही रीती शुद्धच. एका अर्जात एकच पाळावी, एवढेच.