बाटलीतून चाललेला उजेड

यूट्यूबवर हा व्हिडिओ आजही सहज सापडतो. अंधारात ठेवलेली कोका-कोलाची प्लास्टिकची बाटली. बुडाकडून उजेडाचा एक गोळा आत शिरतो, टोपणाच्या दिशेने सरकू लागतो. वाटेत थोडा टेबलावर सांडतो आणि तिथे वलयं उमटवत जातो. मग टोपणावर आदळून चहूकडे फुटतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे ॲनिमेशनच वाटतं. आपला रोजचा अनुभव एवढाच, की बटण दाबलं आणि खोली उजळली. उजेड आत्ता दिव्यातून निघाला, आता कपाटापाशी आला, असा वाटेवरचा उजेड कुणी पाहिलेला नसतो. इथे तो दिसतो.

हे चित्रण २०११ साली अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबने जगासमोर आणलं. संघाचे प्रमुख रमेश रासकर. मूळचे नाशिकचे, इंजिनिअरिंग पुण्याच्या सीओईपीतून. प्रयोगाची बरीचशी मेहनत अँड्रियास वेल्टेन यांची, आणि सोबत होते मौंगी बावेंडी, ज्यांना पुढे २०२३ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं (ते मात्र वेगळ्या कामासाठी).

याच एमआयटीत हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९६४ मध्ये सफरचंदातून आरपार जाणाऱ्या गोळीचा तो प्रसिद्ध फोटो काढला होता. त्यांची युक्ती साधी होती. खोलीत काळोख करायचा, कॅमेऱ्याचं शटर उघडंच ठेवायचं, आणि गोळीचा आवाज मायक्रोफोनने टिपला की त्याच इशाऱ्यावर फ्लॅश उडवायचा. फ्लॅश सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळ टिकायचा. तेवढ्या अवधीत गोळी मिलिमीटरभरसुद्धा हलत नाही, म्हणून ती फोटोत जागच्या जागी थिजलेली दिसते.

प्रकाशापुढे गोळी म्हणजे काहीच नाही. गोळीचा वेग सेकंदाला साधारण ८५० मीटर धरू. बाटलीतल्या पाण्यात प्रकाशाचा वेग थोडा मंदावतो, तरी तो सेकंदाला सव्वादोन लाख किलोमीटर भरतो. बाटलीतला उजेड या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला पडद्यावर दहा सेकंद लागावेत इतका चित्रपट संथ केला, तर त्याच गतीने दाखवलेल्या गोळीला तीच बाटली ओलांडायला महिना लागेल.

मग असा कॅमेरा बनवला कसा? एका चित्राला दोन पिकोसेकंदांहून थोडा कमी वेळ, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या दुपटीहूनही कमी. (बातम्यांमध्ये ‘सेकंदाला एक लाख कोटी चित्रं’ असं छापून आलं. या हिशेबाने ती निम्म्याच्या आसपास निघतात. आकडा गोल केला की मथळा चांगला होतो.) एवढ्या झटपट उघडमीट करणारं शटर कुणी बनवू शकत नाही. रासकरांच्या चमूने ‘स्ट्रीक कॅमेरा’ नावाचं उपकरण घेतलं. त्याला समोरचं दृश्य अख्खं दिसतच नाही. एका बारीक फटीतून दृश्याची एकच आडवी रेघ आत येते. फटीतून आलेला प्रकाश एका पातळ थरावर पडतो आणि तिथून इलेक्ट्रॉन सुटतात. हे इलेक्ट्रॉन दोन पट्ट्यांमधून जातात, आणि नेमक्या त्याच वेळी त्या पट्ट्यांमधला विजेचा दाब झपाट्याने बदलत असतो. आधी आलेला इलेक्ट्रॉन कमी वळतो, मागून आलेला जास्त, आणि पडद्यावर दोघांच्या जागा वेगळ्या पडतात. थोडक्यात, कोण किती उशिरा आला हे तो किती वर-खाली आदळला यावरून कळतं. हातात जे चित्र येतं, त्याच्या आडव्या बाजूला जागा असते आणि उभ्या बाजूला वेळ.

पण रेघ एकच, आणि इतक्या लहान क्षणात कॅमेऱ्यापर्यंत पोचणारा प्रकाशही अगदी नगण्य. म्हणून बाटलीत जाणारा लेझरचा तोच झोत पुन्हा पुन्हा सोडायचा, सेकंदाला कोट्यवधी वेळा. पुरेसा प्रकाश जमला की कॅमेऱ्यासमोरचा आरसा किंचित फिरवायचा आणि दृश्यातली पुढची रेघ घ्यायची. अशा शेकडो रेघा संगणकात एकमेकींना जोडल्या की चित्रपट तयार. उजेडाने नॅनोसेकंदभरात कापलेली वाट नोंदवायला तासभर लागतो. रासकर स्वतःच त्याला जगातला सगळ्यात मंद वेगवान कॅमेरा म्हणतात.

म्हणजे व्हिडिओत जो गोळा सरकताना दिसतो, तो एक गोळा नव्हेच. समजा, रोज एकाच वेळेला सुटणारी एक लोकल आहे. पहिल्या दिवशी तुम्ही दादरला उभं राहून तिचं चित्रण केलंत, दुसऱ्या दिवशी कुर्ल्याला, तिसऱ्या दिवशी घाटकोपरला, आणि घड्याळ लावून सगळे तुकडे जोडलेत. पडद्यावर एकच गाडी धावताना दिसेल, पण ती कुठल्याच एका दिवशीची गाडी नव्हती. लोकलच्या बाबतीत हा बेत पहिल्याच पावसात बोंबलेल. लेझरच्या झोताच्या बाबतीत जमतो, कारण प्रत्येक झोत आधीच्या झोताची हुबेहूब नक्कल करतो, कोट्यवधी वेळा. काहींना हे कळलं की व्हिडिओ फसवा वाटू लागतो. मला तर खरं नवल इथेच वाटतं.

याच तंत्राने केलेला टोमॅटोचा व्हिडिओही जरूर शोधा. उजेडाची लाट टोमॅटोवरून ओसरून पुढे जाते, तरी टोमॅटो आतून धुमसत राहतो. कारण सालीतून आत शिरलेला प्रकाश गरात इकडेतिकडे आपटत असतो आणि हळूहळू बाहेर पडतो. फळाला हात न लावता ते पिकलंय का, हे यातून ओळखता येईल, अशी कल्पना रासकरांनी मांडली होती. वेल्टेन आणि रासकरांच्या संघाने २०१२ मध्ये आणखी पुढचा पल्ला गाठला. भिंतीवर झोत मारायचा, तिथून उडालेला प्रकाश आडोशामागच्या बाहुलीवर जाऊन परत भिंतीवर येईपर्यंत थांबायचं, आणि कोणता कण केव्हा परतला यावरून कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या त्या बाहुलीचा आकार काढायचा.

शर्यत अर्थातच थांबली नाही. लिहाँग वांग यांच्या चमूने २०१४ मध्ये एकाच झोताचं, एकाच दमात चित्रण करून दाखवलं. २०१८ पर्यंत वेग सेकंदाला दहा लाख कोटी चित्रांवर गेला. ‘स्लो मो गाइज’ या लोकप्रिय चॅनेलवाल्यांनी वांग यांच्या कॅलटेकमधल्या प्रयोगशाळेत जाऊन तो कॅमेरा चालताना दाखवला आहे. तिथली चित्रं मात्र अंधुक, खरखरीत. तंत्र निर्विवाद सरस, पण पाहण्याचा आनंद बाटलीतच जास्त.

आणि अलीकडे हे सगळं गॅरेजमध्येही होऊ लागलंय. ‘अल्फाफीनिक्स’ या चॅनेलवर एका हौशी माणसाने घरच्या घरी सेकंदाला शंभर कोटी चित्रांचा कॅमेरा जुळवला आहे. त्याच्याकडे स्ट्रीक कॅमेरा नाही, म्हणून रेघसुद्धा नाही, एका वेळी दृश्याचा फक्त एक ठिपका! आरसा कणाकणाने फिरवत तो एकेक ठिपका गोळा करतो. दोन चित्रांच्या मधल्या वेळात, म्हणजे एका नॅनोसेकंदात, उजेड फूटभर पुढे गेलेला असतो.

त्याचे व्हिडिओ पाहताना एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. कॅमेऱ्यापासून दूर जाणारा झोत रेंगाळल्यासारखा वाटतो आणि कॅमेऱ्याकडे येणारा सुसाट. दूर जाणारा झोत फूटभर पुढे सरकला, की तिथून निघालेल्या उजेडाला कॅमेऱ्यापर्यंत यायला फूटभर वाट जास्त पडते. म्हणून प्रत्येक फुटाला एका नॅनोसेकंदाऐवजी दोन मोजले जातात आणि झोत अर्ध्या वेगाने चाललेला दिसतो. समोरून येणाऱ्या झोताचं उलट होतं. त्याने वाटेत सोडलेला उजेड आणि तो स्वतः, दोघे जवळपास एकदमच दारात हजर होतात.