छापील पान आणि पडदा : विद्यापीठीय विद्यार्थ्यांचे वाचन

हल्लीचे विद्यार्थी वाचीत नाहीत, ही तक्रार महाविद्यालयांच्या सभांतून नेहमी ऐकू येते. ती पूर्णतः खरी नाही. विद्यार्थी वाचतात, दिवसाकाठी त्यांच्या नजरेखालून कितीतरी मजकूर जातो. त्यातले पदरी किती पडते, हा खरा प्रश्न होय.

या प्रश्नाचा बराच अभ्यास झालेला आहे. २००० ते २०१७ या काळातील ५४ संशोधनांचा आणि त्यांत सहभागी झालेल्या १ लाख ७१ हजारांवर वाचकांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. माहितीपर मजकूर पडद्यापेक्षा कागदावर अधिक चांगला समजतो, असे त्यात आढळले. निव्वळ कथात्मक मजकुराबाबत मात्र असा फरक दिसला नाही.

असे का व्हावे? इस्रायलमधील अॅकरमन आणि गोल्डस्मिथ यांनी २०११ मध्ये विद्यार्थ्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. अभ्यासाला ठरावीक वेळ दिला, तेव्हा दोन्ही प्रकारच्या वाचनाचे फळ सारखेच मिळाले. वेळ विद्यार्थ्यांच्या मर्जीवर सोडताच पडद्यावर वाचणारे मागे पडले. आपल्याला किती समजले, याचा त्यांचा अंदाज चुकत होता आणि म्हणून वेळेचे गणितही बिघडत होते. दोष डोळ्यांचा नव्हे, गैरसमजाचा!

म्हणून पडदा वर्ज्य ठरत नाही. वाईहून सिद्ध झालेला मराठी विश्वकोश, 'शोधगंगे'वरील प्रबंध, आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय ही साधने आडगावच्या विद्यार्थ्यालाही मोबाइलवर उपलब्ध आहेत. २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेखाली शासकीय उच्चशिक्षण संस्थांसाठी सुमारे १३ हजार नियतकालिके खुली झाली. शोध घेण्यास पडद्यासारखे साधन नाही. सापडलेले प्रकरण अभ्यासावयाचे असेल, तर त्याची छापील प्रत हाती असावी, एवढेच.

परंतु ज्याच्याजवळ केवळ मोबाइल आहे, त्याला ही निवड कोठली? येथे गावच्या ग्रंथालयाचा संबंध येतो. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना वर्गवारीनुसार अनुदान मिळते. पुस्तकखरेदीच्या यादीत कथा-कादंबऱ्यांचा भरणा बहुधा अधिक असतो. वाचकांची आवड पाहता ते स्वाभाविकच आहे. तथापि कादंबरी पडद्यावर वाचूनही फारसे बिघडत नाही. अर्थशास्त्राचे वा वनस्पतिशास्त्राचे पुस्तक कागदावरच हवे. पदवी अभ्यासक्रमाच्या संदर्भग्रंथांना यादीत अग्रक्रम, परीक्षेच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत उघडे वाचनालय आणि माफक दरात छापील प्रत काढून देणारे एक यंत्र, एवढी सोय ग्रंथालय समितीला ग्रामपंचायतीच्या साहाय्याने करता येण्याजोगी आहे.