लाल डोळा आणि शेजारची बाटली

मागे कधी कोणाचे तरी डोळे आले असता आणलेली, निम्मी उरलेली, आणि पैसे मोजून घेतलेली वस्तू टाकायची कशी, या काटकसरीपायी फ्रिजच्या दारात जपून ठेवलेली थेंबांची बाटली जेथे सापडणार नाही असे घर विरळा. आणि घरात ती नसलीच तर शेजारधर्म आहेच. या सद्हेतूच्या मुळाशी असा समज असतो, की लाल डोळा हा एकच रोग असून त्यावरचे औषधही एकच आहे. वस्तुतः लाली हे केवळ लक्षण होय. डोळे येणे, वावडे, बुबुळावर उमटलेला ओरखडा, बाहुलीभोवतालच्या रंगीत पडद्याचा दाह, एकाएकी उसळलेला काचबिंदू, हे सारे बाहेरून तांबडेच दिसतात, आणि यांपैकी एकावरचा इलाज दुसऱ्यात घातक ठरू शकतो. लालीबरोबर ठणका असेल, अंधुक दिसत असेल, उजेड सोसत नसेल, किंवा रोगी कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारा असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

साथीत येणारे डोळे बहुधा विषाणूंमुळे येतात. 1971 साली, बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या दिवसांत पसरलेल्या साथीचे बंगालात लोकांनी ‘जय बांगला’ असे बारसे केले, आणि त्या साथीने मुंबईलाही सोडले नाही. 2023 च्या जुलैत आळंदीच्या शाळकरी मुलांपासून सुरू झालेली साथ तर अनेकांच्या ताज्या आठवणीतील आहे. प्रतिजैविकाच्या थेंबांचा विषाणूंवर काडीचाही अंमल चालत नाही. साधे डोळे एकदोन आठवड्यांत आपले आपणच निवळतात, परंतु त्याचे श्रेय मात्र बाटली लाटते. आलेल्या डोळ्यांकडे नुसते पाहिल्याने डोळे येतात, ही समजूतही अशीच चिवट. संसर्ग दृष्टीने पसरत नाही. तो हात, टॉवेल आणि उशीचा अभ्रा यांच्यामार्फत पसरतो. काळ्या चष्म्याने रोग्याला उजेडाचा त्रास कमी होतो खरा, पण त्याचे हात काही चष्मा धूत नाही.

सर्वांत अधिक अनर्थ ओढवतो तो ‘गुण आला, म्हणजे औषध लागू पडले’ या भाबड्या अनुमानाने. औषधाच्या दुकानांत सर्रास मागितल्या जाणाऱ्या कित्येक बाटल्यांत प्रतिजैविकाच्या जोडीला स्टेरॉइड असते, आणि स्टेरॉइडची करामत अशी, की एका दिवसात लाली उतरते, चुरचुर थांबते आणि रोगी निर्धास्त होतो. पण स्टेरॉइड दाह दडपते. जंतूंचा बंदोबस्त ते करीत नाही, उलट त्यांच्याशी झुंजणाऱ्या शरीराचेच हात बांधते. उसाचे पाते किंवा भाताचे तूस डोळ्याला लागून बुबुळात बुरशी शिरलेल्या शेतकऱ्याने, अथवा बुबुळावर हर्पिसचा व्रण असलेल्या इसमाने हे थेंब घातले, तर जखम आत खोल जाते आणि अखेर डोळ्यात कायमचे फूल पडते. दर उन्हाळ्यात डोळे चोळणाऱ्या मुलासाठी जुनीच चिठ्ठी दाखवून महिनोन् महिने बाटली आणणाऱ्या आईला हे ठाऊक नसते, की काही डोळ्यांत या औषधाने आतील दाब निमूटपणे चढत जातो, काचबिंदू दृष्टीची कड कुरतडू लागतो आणि पुढे मोतीबिंदूही धरतो. हे औषध चिठ्ठीवाचून देऊ नये, असा दंडक 1945 च्या औषध नियमावलीतील अनुसूची ‘एच’ने घातलेला आहेच, तो कितपत पाळला जातो, हे कोणत्याही नाक्यावर दिसेल.

तथापि याच्या नेमका उलट समजही तितकाच घातक. स्टेरॉइडचे नाव ऐकताच बाटली फेकून देणारे सुशिक्षित मी पाहिले आहेत. रंगीत पडद्याच्या दाहात हेच औषध, प्रसंगी तासातासाला घालून, दृष्टी वाचवते, आणि ते बंद करायचे ते वैद्यांच्या सांगण्यानुसार हळूहळू कमी करीत. मनास येईल तेव्हा एकदम नव्हे.

थेंब घालण्याच्या रीतीतही एक गैरसमज वसतो: दोन घातले तर दुप्पट गुण. डोळ्याच्या खोबणीत एका थेंबापुरतीही पुरती जागा नसते. दुसरा थेंब गालावरून ओघळतो. हात धुऊन, मान मागे करून, खालची पापणी हलकेच ओढून, टोक पापणीला न लावता एकच थेंब सोडावा, डोळा मिटावा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरावा. अन्यथा औषध अश्रुनलिकेतून घशात उतरते. घशात लागणारा कडवटपणा हाच त्याचा दाखला. काचबिंदूवरचे टिमोलॉल अशा रीतीने रक्तात मिसळून दम्याच्या रोग्याची छाती भरल्याची उदाहरणे आहेत. दोन औषधे असल्यास मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत, मलम शेवटी लावावे, आणि गढूळ दिसणारे औषध आधी हलवून घ्यावे. बाटलीवर छापलेली मुदत बंद बाटलीपुरती आहे. फोडल्यावर साधारण महिनाभरात ती टाकून द्यावी. फोडल्याची तारीख वेष्टनावर लिहिली की वाद राहत नाही.

मध, गुलाबपाणी, आईचे दूध यांविषयी एवढेच, की ती निर्जंतुक नसतात.

आणि वैद्यांकडे जाताना आजवर डोळ्यांत घातलेल्या साऱ्या बाटल्या पिशवीत घालून न्याव्यात, शेजारची सुद्धा. संकोचापोटी ती घरी ठेवली, तर स्टेरॉइडने झाकलेला व्रण तपासणाऱ्याच्या नजरेतून निसटू शकतो.