वतनापासून मुलाखतीपर्यंत

तेर आणि परिसरातून शिकून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीच्या आयुष्यात एक दिवस असा येतो, की चार-पाच अनोळखी माणसांसमोर बसून अर्ध्या तासात आपली योग्यता दाखवावी लागते. नोकरीच्या मुलाखतीच्या या दिवसाचे दडपण बहुतेकांना येते. इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्ही मात्र या प्रसंगाकडे आपल्या समाजाने झगडून मिळवलेली संधी म्हणून पाहतो.

आपल्या पूर्वजांच्या कामाला मुलाखत नव्हती. वतन जन्माबरोबरच पदरी पडे. निरोप पोहोचविणे, अंमलदारांची बडदास्त ठेवणे, मेलेली जनावरे ओढणे या कामांसाठी अर्ज करावा लागत नसे आणि ती नाकारताही येत नसत. या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. 1941 साली आपल्या जवळच्या कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषदेसाठी ते आले होते. अखेर 1958 साली मुंबई राज्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा केला. वतन विचारी, 'तू कोणाचा?' मुलाखत विचारते, 'तुला काय येते?' हा फरक मनाशी पक्का असेल, तर उमेदवार याचक म्हणून आत जाणार नाही.

स्वतः बाबासाहेबांचे उच्च शिक्षण अशाच एका भेटीमुळे शक्य झाले. 1907 साली ते मॅट्रिक झाले. पुढील शिक्षणासाठी साहाय्य मिळावे म्हणून गुरुवर्य कृष्णाजी अर्जुन केळुसकर त्यांना सयाजीराव गायकवाड महाराजांकडे घेऊन गेले. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. पण ही छाप त्या काही मिनिटांत तयार झालेली नव्हती. चर्नी रोडच्या बागेत नित्य वाचत बसणारा हा विद्यार्थी केळुसकरांनी आधीच हेरला होता. मुलाखतीची खरी तयारी ही अशी असते.

या तयारीचा पहिला भाग कागदपत्रांचा. जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, अधिवास आणि गुणपत्रके यांच्या मूळ प्रती व छायांकित संच एका फाइलमध्ये क्रमाने लावावेत. वैधतेच्या पडताळणीस वेळ लागतो, म्हणून तो अर्ज लवकर करावा. केंद्राच्या नोकरीसाठी प्रमाणपत्राचा नमुना वेगळा असतो, हेही लक्षात ठेवावे. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलतींसाठी 1990 पर्यंत वाट पाहावी लागली. त्या कागदामागे 34 वर्षांचा झगडा आहे. तो शेवटच्या दिवशी शोधत बसू नये.

दुसरा भाग माहितीचा. आपण अर्जात लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर प्रश्न येऊ शकतो. ज्या कार्यालयात जावयाचे, तेथे नेमके कोणते काम चालते, हे जाणून घ्यावे. 'आपल्या गावाविषयी सांगा', हा तर नेहमीचा प्रश्न. तेरच्या उमेदवाराला तगर ठाऊक हवे. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या तगरचा उल्लेख आहे. येथील कापड गाड्यांमधून भडोच बंदरावर जात असे. लामतुरे संग्रहालय एकदा नीट पाहिलेला विद्यार्थी या प्रश्नावर अडखळणार नाही.

प्रत्यक्ष मुलाखतीच्या दिवशी अर्धा तास आधी पोहोचावे. कपडे स्वच्छ व इस्त्री केलेले असावेत. ते नवे असण्याची गरज नाही. प्रश्न पूर्ण ऐकून मग बोलावे. उत्तर येत नसेल तर 'माहीत नाही' असे सरळ सांगावे. सम्यक वाचेचे हे व्यावहारिक रूप आहे, आणि एक थाप पकडली गेली की पुढच्या खऱ्या उत्तरांवरही संशय येतो. बोलीचा हेल आला म्हणून ओशाळण्याचे कारण नाही. विचार स्पष्ट हवा.

आडनावावरून वा आरक्षणावरून खोचक प्रश्न येणारच नाही, असे आम्ही सांगणार नाही. अशा वेळी आवाज न चढवता सांगावे, की आरक्षण हा संविधानाने दिलेला अधिकार आहे आणि पदासाठी ठरवलेली पात्रता आम्ही पूर्ण केली आहे. एवढे बोलून थांबावे. मंडळाचा कल आपल्या हाती नसतो. म्हणूनच लेखी परीक्षेतील गुणांचे मोल मोठे. प्रवेशासंबंधीच्या अजय हासिया खटल्यात 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने तोंडी परीक्षेला 15 टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे मनमानी ठरवले. केंद्राने 2016 पासून गट 'क' आणि अराजपत्रित गट 'ब' पदांच्या मुलाखती बंद केल्या. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत एकूण 2025 गुणांपैकी मुलाखतीचे गुण 275 आहेत. उरलेले 1750 गुण लेखणीने मिळवावयाचे असतात.

मुलाखत संपल्यावर मंडळाचे आभार मानून शांतपणे बाहेर यावे. त्याच रात्री विचारलेले सर्व प्रश्न व आपली उत्तरे वहीत लिहून काढावीत. निवड न झाल्यास शासकीय संस्थेकडे आपले गुण माहितीच्या अधिकारात मागता येतात. उणीव कोठे राहिली ते त्यावरून कळते.

निवड झाली, तरी परीक्षा संपत नाही. नोव्हेंबर 1918 मध्ये बाबासाहेब सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. हा अस्पृश्य प्राध्यापक काय शिकवणार, अशीच अनेक विद्यार्थ्यांची आरंभीची वृत्ती होती. सखोल अभ्यासाने नटलेली व्याख्याने सुरू झाली, आणि इतर महाविद्यालयांतील विद्यार्थीही त्यांच्या वर्गात येऊन बसू लागले. नेमणुकीच्या कागदाने जे साधले नव्हते, ते रोजच्या कामाने साधले.

नोकरीला लागलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांकडे आमची एक मागणी आहे. आपल्या मुलाखतीच्या प्रश्नांची वही या शाळेच्या ग्रंथालयात आणून ठेवावी. पुढच्या वर्षी पहिल्यांदाच मंडळासमोर बसणाऱ्या मुलीला तिचा उपयोग होईल.